राक्षसांच्या खेळाचा लांबलेला निकाल

मल्हारगंज, इंदूर
शनिवार, दुपार

श्री. अप्पासाहेब यांस कमलचा नमस्कार.

तुमचा परवाचा निरोप आला नसता तर हे पत्र मी लिहिले नसते. 'कमलताई, खेळाचा निकाल नवरात्रापासून लटकला आहे आणि आता रंगपंचमीही झाली. शलाका रोज विचारते. या शनिवारी निकाल आणि यंत्र दोन्ही पलकबरोबर महूला पाठवा,' असे तुम्ही फोनवर लिहिलेत. तुमचे म्हणणे बरोबर आहे. दोन्ही पाठवते आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितले होते, म्हणजे तुम्ही नक्की चढत असणार. मी ठीक आहे. (पूर्वी मी पत्राच्या माथ्यावर 'व्याही' लिहीत असे. मुकुल आणि शलाकाचा घटस्फोट झाला तेव्हा कोर्टाने भांड्यांपासून लॉकरपर्यंत सगळ्याचे ठरवले, पण आपण दोघांनी एकमेकांना काय म्हणायचे ते ठरवले नाही. म्हणून नुसते अप्पासाहेब. राग मानू नये.)

पत्र तुमच्याकडे मोठ्याने वाचले जाणार, तेव्हा प्रकरण पहिल्यापासून मांडते. माझ्या चिरंजीवांनी बेंगळुरूहून मुलीला, पलकला, दहाव्या वाढदिवसाला टीव्हीवर खेळायचा हा खेळ यंत्रासकट पाठवला. खोक्यावर शिंगे असलेल्या राक्षसाचे तुटलेले मुंडके. शलाकाने ते पाहिले आणि खोके कपाटावर टाकले. पलक जेवेना. मग तुम्ही तोडगा काढलात, की कमलताईंनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवले आहे, स्वतःच्या मुलालासुद्धा चाचणीत नापास केले आहे, त्यांनी खेळ पाहावा आणि मुलांना योग्य की अयोग्य ते सांगावे, दोन्ही घरे ऐकतील. मी आठ दिवसांत सांगते म्हणाले होते. नोकरीत मी गुण कधी एक दिवस उशिरा दिले नाहीत, आणि जे देत त्यांना स्टाफरूममध्ये सर्वांसमोर विचारत असे.

अडचण अशी झाली की यंत्र मला चालवता येईना. त्यामुळे तपासणीसाठी पलकला दर शनिवारी इथे यावे लागले. त्याआधी ती दिवाळीला आणि संक्रांतीला येऊन जात असे, चप्पल दाराशी काढून, पाहुण्यासारखी. कोर्टाच्या कागदात वडिलांच्या भेटी लिहिल्या आहेत. वडील बेंगळुरूला. आजीचा त्या कागदात उल्लेख नाही. मी तक्रार करत नाही, तपासणी कशी चालली ते कळावे म्हणून सांगते.

पहिल्या शनिवारी पलकने मला एक योद्धा दिला. टक्कल, हातात कुऱ्हाड, खांदे आपल्या जुन्या दारांएवढे, आणि भर बर्फात अंगात सदरा नाही. त्याचे नाव तिने 'कमल' ठेवले. मी म्हटले, याला आधी काही घालायला द्या. तर म्हणे, आज्जी, कपडे मिळवायला पण लढावं लागतं. हे तत्त्व मला पटले नाही, तशी नोंद केली. मग लढायला गेले. मला बटणे कळेनात. मी कुऱ्हाड फिरवली ती राक्षसाला न लागता एका धान्य विकणाऱ्याला लागली, आणि सगळे गाव माझ्या मागे लागले. पलक कपाळाला हात लावून ओरडली, "आज्जी, तो अपना आदमी होता ना, त्याला कशाला ठोकलं?" त्या दिवशी माझ्या योद्ध्याचा अंत गावातल्या बायकांच्या हातून झाला. (यावरून या खेळात निरपराध माणसाला मारल्यास शिक्षा होते, हे सिद्ध होते. मुद्दा खेळाच्या बाजूने.)

रक्ताविषयी शलाकाला काळजी होती. ते बंद करता येते, असे पलकने दाखवले आणि बंद केले. त्यानंतर राक्षस असे पडू लागले जसे मे महिन्यात रांगेत उभी माणसे पडतात. काही लागले नाही, काही सांडले नाही, पुढचे या. पलक पोहे खात खात एका हाताने मारत होती. ते मला रक्तापेक्षा वाईट दिसले. मी रक्त पुन्हा चालू करायला लावले, तेव्हा तिने बशी खाली ठेवली. हा मुद्दा कोणत्या बाजूला लिहायचा, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

विरुद्ध बाजूचाही सांगते, लपवत नाही. एका शनिवारी बेबी (स्वयंपाकाला येते ती) तिला जेवायला बोलवायला गेली. पलक किल्ल्याच्या दारात होती. तिने मान न वळवता सांगितले, "बेबी मौसी, बीच में आई तो सर काट दूँगी." बेबीने लाटणे ओट्यावर ठेवले, पदर खोचला आणि म्हणाली, माँजी, मेरा हिसाब कर दो. मी यंत्र बंद केले. पलकने माफी मागितली, आधी तोंडदेखली, मग मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिल्यावर खरी. बेबी म्हणाली, माफी ठीक आहे, पण तू किसका सर काटते आहे ते तर दाखव. तेव्हापासून ती दर शनिवारी मटार सोलायला खेळाच्या खोलीतच बसते आणि पाठीमागून राक्षस कुठून येतो ते ओरडून सांगते. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

आता मुख्य गोष्ट. या खेळात जोडीदार पडला तर तो लगेच मरत नाही, जमिनीवर पडून राहतो. दुसऱ्याने जवळ येऊन, एक बटण दाबून धरून त्याला उठवावे लागते. तेवढ्या वेळात उठवणाऱ्याला ढाल धरता येत नाही. मी प्रत्येक लढाईत पडते. पलक पुढे गेलेली असते, कधी पार पुलापलीकडे, समोर ती खजिन्याची पेटी असते जिच्यासाठी दोन शनिवार घालवले. आणि ती वळते. "आज्जी, तू बस पडी रह, मी आली," म्हणते, आणि मार खात खात येते. एकदाही आली नाही असे झाले नाही. मी काही वेळा मुद्दाम पडले, तपासण्यासाठी. तेव्हाही आली.

तेव्हा निकाल असा. दहा वर्षांच्या मुलीने हा खेळ एकटीने खेळू नये. शेजारी मोठे माणूस असेल, आणि त्याने दुसरा रिमोट हातात घेऊन स्वतः मार खाल्ला, तर खेळावा. सोफ्यावर बसून पेपर वाचणारे मोठे माणूस धरले जाणार नाही. असे मोठे माणूस महूलाही मिळू शकते, तुम्हीच आहात, हे मला लिहितानाच दिसते आहे. तरी निकाल हाच खरा आहे, म्हणून हाच देते. तुमचा गुडघा बसून खेळण्याच्या आड येणार नाही.

शलाकाला आशीर्वाद सांगा. ती गाडी गल्लीच्या तोंडाशी लावते आणि वर येत नाही. गाडी आत येत नाही हे मला माहीत आहे, पण शलाका येऊ शकते. चहा पाच मिनिटांत होतो.

आपली,
कमल

ता. क. : परीक्षा संपल्यावर पलकला शनिवारी पाठवाल का? यंत्राशिवाय. इथे तिला करण्यासारखे काही नाही, हे मी मान्य करते. वरचा निकाल मी दुसऱ्याच शनिवारी लिहून ठेवला होता. योग्य म्हटले असते तर यंत्र महूला गेले असते, अयोग्य म्हटले असते तर कपाटावर गेले असते, आणि दोन्हीत तिचे येणे थांबले असते. म्हणून तपासत राहिले. मागण्याची मला सवय नाही. हे वाक्य तिसऱ्यांदा लिहिते आहे आणि अजून नीट जमलेले नाही: पाठवाल का?

दुसरा ता. क. : माझा योद्धा पुसू नये. तुम्ही तुमचा वेगळा काढावा. पलकने आत्ताच त्याला किल्ल्याबाहेर एका पुलावर नेऊन उभा केला आहे. तिथे त्याला कोणी मारत नाही, असे ती म्हणते. अंगात अजून सदरा नाही.

आज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी शलाकाच्या हाती द्यायचे: खेळाचे यंत्र, त्याची तार, दोन्ही रिमोट, मूळ खोके (मुंडक्यावर मी खाकी कागद चिकटवला आहे), बारीक शेवेचा डबा. आणि पलक, जेवलेली, दोन वेण्या घातलेली. परतीची तारीख मी घातलेली नाही. ती तुमच्याकडून यायची आहे.