वर मीटिंग, खाली केमो

९ जानेवारी, गुरुवार

मी पार्टनर झाले! गेल्या वर्षी याच हॉस्पिटलात केमो घेत होते तेव्हा पेशंट होते, आता संशोधनातली भागीदार. शाल, नारळ, टाळ्या. विषय – कॅन्सरचे पेशंट उपचार अर्धवट का सोडतात. डॉक्टर म्हणाले, "तुमचा आवाज महत्त्वाचा आहे." मग पाऊण तास त्यांचाच आवाज.

नवरा धम्मपाल लूमच्या धंद्यात भागीदार. म्हणतो, "पार्टनरला विचारल्याशिवाय आम्ही सूतसुद्धा बदलत नाही. तुला काय विचारलं?"

चहा की कॉफी.

१६ जानेवारी, गुरुवार

दुसरी शाल. आम्ही चौघी पेशंट, चौघी बऱ्या झालेल्या. केमो चालू असलेलं कुणीच नाही. असणार कसं? केमो दर गुरुवारी, मीटिंगही गुरुवारीच. आम्ही वर एसीत समोसे खातोय आणि खालच्या मजल्यावर अंजूर गावच्या गुणाबाई सलाईन लावून पडलेल्या.

उतरताना त्यांच्यापाशी बसले. "केमोनं न्हाय, या रिक्षानंच मरन मी," म्हणाल्या. घरी जाताना ओकारी आली की शेअर रिक्षावाला अर्ध्या वाटेत, धामणकर नाक्यावरच उतरवतो. दुसरा कुणी बसवून घेत नाही. "आता नको वाटतं, ताय."

मला भीतीच वाटली. ही बाई सोडणार.

१७ जानेवारी

संशोधनाचं काम बघणाऱ्या मृणालीला फोन केला. मीटिंग शनिवारी घ्या, गुणाबाईंना बोलू द्या. निदान परतीला गाडी तरी द्या. "मॅडम, खूप व्हॅल्युएबल इनपुट!" इनपुट म्हणजे काय ते आता कळलं – ज्याचं पुढे काही होत नाही ते.

२३ जानेवारी, गुरुवार

तिसरी शाल. शनिवारी डॉक्टरांना जमत नाही. गाडी संशोधनात बसत नाही. त्याऐवजी अ‍ॅप निघणार – किती मळमळतंय ते एक ते दहामध्ये भरायचं. अ‍ॅपचं नाव मी सुचवायचं, पार्टनर ना मी! म्हटलं, "रिक्षा ठेवा." कुणी हसलं नाही. राग राग झाला नुसता. तरी फोटोत हसलेच.

२५ जानेवारी

फोटो ग्रुपवर आला. माझे डोळे मिटलेले.

२९ जानेवारी

गुणाबाईंचा फोन. "ताय, केमो सोडली मी. आता गुरवारी मोकलीच हाय. उद्या तुमच्या मिटिंगला येऊ का?"