ऊस म्हणजे गवत म्हणे

अकोला
मे महिना, कूलरसमोर

प्रिय अश्विन,

आधी हात पुसून घे. कागद चांगला आहे आणि लिहिणारीनं अक्षर जीव लावून काढलं आहे. मी आयुष्यात कोणाला पत्र धाडलं नाही. मला लिहिता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांनी लिहून काय दिवे लावले ते मी पाहिलं आहे. हे मी सांगते आहे आणि दुसरी एक उतरवून घेते आहे. तिचं नाव शेवटी सांगेन. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. मी 'का'च्या जागी 'काहून' म्हटलं की पेन थांबवून माझ्याकडे बघते. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं होतं तसं राहू देणं जमत नाही. तिला म्हटलं, लिही बाई तुझ्या मनासारखं, फक्त माझ्या शिव्या पातळ करू नको.

तुझा आवाज येऊन आज एकोणीस दिवस झाले. मला तारखा कळत नाहीत, पण रोज सकाळी कूलरमध्ये पाणी टाकलं की मी एक शेंगदाणा डबीत टाकते, आणि डबीत एकोणीस शेंगदाणे आहेत. दीड वर्ष झालं, चहाच्या वेळेला फोनवर तुझं ते 'आजचं ज्ञान' यायचं. तुझ्या नावापुढे तू आठ पायांच्या जनावराचं चित्र लावून दिलंस, म्हणजे मला वाचायची गरज नको. चित्र दाबलं की तू बोलायचास. आजी, तुला माहीत आहे का, ऑक्टोपसला तीन काळजं असतात. आजी, तुला माहीत आहे का, मध कधी नासत नाही. मला काही माहीत नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलं नव्हतं.

तीन काळजं घेऊन ते जनावर करतं काय? तुझ्या बापाला एकच आहे, तेही तो ऑफिसच्या कपाटात ठेवून येतो. मध नासत नाही म्हणे. आमच्या घरात मधाला नासायला वेळ कोणी दिला होता? शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, हे तू मोठ्या कौतुकानं सांगितलंस. मी तुझ्या आईला म्हटलं, ज्योत्स्ना, एवढ्यासाठी पोट्ट्याला अमरावतीला ठेवायची काय गरज होती, आपल्या गल्लीत हे जनावर जागोजागी उभं असतं. ऑस्ट्रेलियात कोणतं तरी जनावर चौकोनी लेंड्या टाकतं, हे मात्र मला पटलं. तिथल्या बायकांचं बरं आहे, गोवऱ्या थापायला नको, नुसत्या रचायच्या. आणि त्या एका ग्रहावर दिवस वर्षापेक्षा मोठा असतो, हे तर तू मला सांगूच नको. तुझा बाप रविवारी घरी असला की आम्ही त्याच ग्रहावर असतो. एकदा तू सांगितलंस की आज जगातल्या तापलेल्या गावांच्या यादीत अकोला वर आहे. लेका, मी अकोल्यातच बसून ते ऐकत होते.

हे असलं ज्ञान विचारून सरकार साहेब निवडतं, असं तू म्हणायचास. तरीच. मी दर्यापूरच्या एस.टी. स्टँडवर अकरा वर्षं खारे शेंगदाणे विकले. शेंगदाणा मिठाच्या पाण्यात किती वेळ ठेवायचा, वाळू किती तापली म्हणजे तो करपत नाही, कोणत्या गाडीचा कंडक्टर उधार मागतो आणि कोणत्या गाडीतलं लेकरू रडून आईला घ्यायला लावतं, हे मला ठाऊक होतं. त्यावर कोणी पेपर काढला नाही. त्या शेंगदाण्यांवर तुझा बाप बारावी झाला, पाटबंधारे खात्यात बाबू झाला. आता कोणी पाहुणा विचारतो, आई काय करायच्या, तर तो घसा साफ करून सांगतो की आईचा छोटासा व्यवसाय होता. शेंगदाणा म्हणायला त्याची जीभ उचलत नाही. खायला मात्र उचलते.

त्याच जिभेनं तो साऱ्या अकोल्याला सांगत फिरतो की आपल्या घरातला पहिला अधिकारी तयार होऊन राहिला. चार वेळा तू परीक्षा दिलीस. डिसेंबरात चौथ्यांदा दोन मार्कांनी गेली. तेव्हापासून त्यानं 'दोनच' हा शब्द असा धरला आहे, जणू दोन मार्क कुठं रस्त्यात पडले आहेत आणि तू वाकलास की सापडतील. चौदा एप्रिलला तू आला नाहीस. रात्रंदिवस अभ्यास करून राहिलो म्हणालास. बाबासाहेबांच्या जयंतीला अभ्यासासाठी आला नाही, म्हणून तुझ्या बापाची छाती आणखी दोन बोटं फुगली. बुद्ध पौर्णिमेला आला नाहीस. खीर तुझ्या वाटणीची होती ती मी खाल्ली, आणि ती चांगली झाली होती, हेही तुला कळू दे. मधे एकदा आईला फोनवर म्हणालास की अभ्यासिकेत फार गरम होतं. झालं. तुझ्या बापानं टेबलफॅन आणला. तो आमच्या बैठकीत जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला आहे. तो फॅन ध्यानात ठेव, पुढे लागेल.

आता माझं ज्ञान ऐक. तुम्ही शिकलेले लोक बोलणं तेवढं ऐकता. मला वाचता येत नाही, म्हणून मी मागचंही ऐकते. पहिलं वर्षभर तुझ्या आवाजामागे अभ्यासिकेचा जिना असायचा. तू हळू बोलायचास, कारण आत पोट्टे-पोट्ट्या वाचत बसलेले. वर पंखा कुरकुरायचा, कोणी तरी सारखं खोकायचं, त्याला मी मनातल्या मनात अद्रकाचा काढाही सांगून ठेवला होता. मग ऊन तापायला लागलं आणि एक दिवस तू मोकळ्या गळ्यानं बोललास. पंखा नाही, खोकला नाही. मागे घुंगरू वाजत होते.

मी चहा खाली ठेवला. तुला खोटं कशाला सांगू, मला पहिलं वाटलं की तू कोण्या नाचणारीच्या नादी लागलास. दोन दिवस मी तुझ्या आईच्या तोंडाकडे बघू शकले नाही. केळं ही बेरी आहे आणि स्ट्रॉबेरी बेरी नाही, असं तू सांगत होतास आणि मी म्हणत होते, अरे नालायका, ती कोण आहे ते सांग. तिसऱ्या दिवशी ते चित्र मी दहा वेळा दाबलं. मग ध्यानात आलं की हा पाय नाही. पाय थकतो, चुकतो, थांबून ताल धरतो. हे एकसारखं फिरत होतं. आधी जड आवाज, मग हलका, मग त्याहून हलका, आणि मग ग्लास ठेवल्याचा टक्क.

दर्यापूरच्या स्टँडवर माझ्या टोपलीच्या बाजूला पंजाबरावची रसवंती होती. अकरा उन्हाळे त्या घुंगरांनी माझं डोकं उठवलं. पहिल्यांदा ऊस अख्खा जातो तेव्हा चाक कण्हतं. मग चिपाड दुमडून घालतात. तिसऱ्यांदा त्यात लिंबू आणि अद्रक दाबतात, तेव्हा घुंगरू हसल्यासारखे वाजतात. गिऱ्हाईक नसलं तरी पंजाबराव चाक फिरवत ठेवायचा, कारण घुंगरू ऐकल्याशिवाय माणसाला तहान लागली हे कळत नाही. माझ्या पोटच्या पोराचं पहिलं पाऊल मला आठवणार नाही, पण हे मला पाठ आहे. आणि तू मला फोनवर सांगतोस की अभ्यास करून राहिलो.

आणि तुझ्या आवाजामागे कंडक्टर ओरडत होता, मोझरी, तिवसा, तळेगाव. म्हणजे नागपूर रस्ता. बघ, नकाशा न बघता सांगितलं. असा प्रश्न तुमच्या पेपरात आला असता तर मी तुझ्या आधी साहेबीण झाले असते.

शेवटचं ज्ञान तू पाठवलंस ते हे, की आजी, तुला माहीत आहे का, ऊस म्हणजे गवतच. मला हसू आलं. चोरानं चोरीच्या घरात स्वतःचीच टोपी ठेवून जावी, तसं झालं. मी बटण दाबून एवढंच विचारलं, अश्विन, मागं घुंगरू कोणाचे वाजून राहिले बाप्पा? तेव्हापासून तू गप्प. मी आणखी दोनदा बोलले. तुझ्या आईनं बघून सांगितलं, त्यानं उघडलंच नाही, अभ्यासात असेल. ऑक्टोपसला तीन काळजं असतात हे ज्याला सांगता येतं, त्याला एका म्हातारीचा एक प्रश्न उघडायला एक काळीज पुरलं नाही.

ऊस पिळतोस म्हणून मी तुझ्यावर थुंकत नाही. शेंगदाणे विकणारीनं रसवाल्याला नाव ठेवायचं म्हणजे माझाच पदर फाडणं. मी थुंकते ते तुझ्या पळपुटेपणावर. पेपराला चार वेळा सामोरा गेलास आणि बापाला एकदा जाता येत नाही. तुला वाटत असेल, आजी अडाणी, तिला काय कळतं, शिकणं सोडलं म्हणून ती छाती पिटेल. पिटली मी. एक दिवस पिटली, खरं सांगते. आपल्या घरात शिक्षणाला काय किंमत आहे ते मला तुझ्याकडून ऐकायचं नाही. मला अंगठा उठवताना अजून शाई जास्त लागते, कारण मी जोरात दाबते. पण तुझा बाप शिकला, तू शिकलास, त्यापुढे साहेब झालाच पाहिजे असं कोणी लिहून दिलं नव्हतं. ते तुझ्या बापानं मनानं जोडलं. आणि मला कळलं आहे की तू ग्लास देताना गिऱ्हाइकाला एकेक ज्ञान सांगतोस. फुलपाखरू पायानं चव घेतं, असं काहीबाही. लोक हसतात आणि दुसरा ग्लास मागतात. म्हणजे त्या कचऱ्याचा कुठं तरी उपयोग झाला. अभ्यासिकेच्या जिन्यात इतका मोकळा तू एक दिवस बोलला नव्हतास, हेही मी ऐकलं आहे. तोंडावर सांगणार नव्हते, पण आता लिहिणारीनं लिहून टाकलं.

आता तिचं नाव. मान वर कर. हे पाकीट तुझ्या हातात देऊन एक बाई बाकावर बसली असेल, तोंडाला रुमाल, डोळ्यावर काळा चष्मा. ती तिवशाची तुझी बेबी आत्या. अंगणवाडीची सुट्टी लागली म्हणून माझ्याकडे आली होती. त्याआधी फोनवर मीच तिला सांगितलं होतं, अमरावतीहून निघालं की खिडकीतून कान बाहेर ठेव. तुझ्या हातचा रस ती दोनदा पिऊन गेली, आणि तू सख्ख्या आत्याला विचारलंस, ताई, बर्फ टाकू का? टाकू नको, तिची दाढ दुखते. अद्रक जरा जास्त टाक. ती घरी कोणाला बोलली नाही, मीही नाही. पण रविवारी तुझा बाप अमरावतीला निघाला आहे. ऑफिसातल्या कोणाच्या तरी पोरीचं लग्न आहे, आणि लग्न आटोपून तो न सांगता अभ्यासिकेत येणार, तुला फॅन द्यायला. तीनदा पुसला त्यानं तो फॅन. दुकानदाराकडून वायर लांब करून घेतली, तुझी खुर्ची भिंतीपासून दूर असेल म्हणून. तो माणूस मला पटत नाही, जन्मभर पटला नाही, पण भर दुपारी तो फॅन काखेत धरून त्या जिन्यात उभा राहील आणि कोणी परकं पोट्टं त्याला सांगेल की काका, अश्विन तर फेब्रुवारीतच गेला, हे मला बघवणार नाही. म्हणून हे पत्र. शनिवारपर्यंत तूच त्याला फोन कर आणि तुझ्याच तोंडानं सांग. चिडेल, दोन दिवस जेवणार नाही, मी बघते. नाहीच केलास, तर रविवारी मी त्याच्यासोबत गाडीत बसते. लग्नाचं जेवण झालं की म्हणेन, घसा कोरडा पडला देवीदास, मले रस पाज, आणि त्याला फॅनसकट नागपूर रस्त्याला घेऊन येईन. कसंही झालं तरी फॅन तुलाच आहे, तुझ्या तिथं ऊन जास्त लागतं. फक्त चाक बंद ठेवू नको. पाट्या मला वाचता येत नाहीत, मी घुंगरांच्या आवाजावर येईन.

तुझीच,
शेंगदाणेवाली आजी
दुर्गाबाई