मारवेलासारखं गवत

मावशी, मी कच्छात आहे, सोलरच्या कामावर. तू गेलीस, शिरूर सुटलं, मग मी कुठंच टिकलो नाही. इथंही टिकेन असं वाटत नाही. चारी बाजूंना नुसत्या काचा. जेवणाच्या सुट्टीत मी कुंपणापलीकडं जाऊन एकटाच बसतो. तिथंच मागं मारवेल दिसलं. म्हणजे मारवेलासारखं. तेच जांभळट तुरे, पेरावर तशीच पांढरी लव. खोलीतल्या ओडिया पोराला ओढत नेलं, म्हणालो, "देख, ये हमारे गाँव का घास है." तो हसला, "घास तो घास होता है, भाई."

तू असतीस तर त्याला तिथंच धरलं असतंस. तुझा गवतांचा अभ्यास. दौंडकडच्या माळावर माझ्या गाडीवर मागं बसून हिंडायचीस, पिशव्या भरायचीस आणि घरी आलं की स्वयंपाकघरातच मायक्रोस्कोप मांडायचीस. बटाट्याला खाच पाडून त्यात पान धरायचं, दाढीच्या ब्लेडनं बटाट्यासकट पातळ काप काढायचा, लाल रंगात बुडवायचा. काका ओरडायचे, "आज बी भाजीत गवात हाय व्हय?" बाहेरून दोन गवतं अगदी सारखी, पण आत बघितलं तर दोन शिरांमधल्या मोठ्या पेशी आपल्या मारवेलात पंख्यासारख्या पसरलेल्या, दुसऱ्यात नाहीत. मी कापायला घेतलं की तू कपाळाला हात लावायचीस. "आरं, ह्यो काप हाय का दाराची फळी? जरा दम धर की. बुडाखाली इंगळ्या हायत का तुझ्या?" शाळेतही हेच ऐकून बाहेर पडलो होतो. पण तू पुढचं पान पुन्हा माझ्याच हातात द्यायचीस.

काल सुट्टी होती. मोबाइलला लावायचं भिंग मागवलं होतं, मेसमधून बटाटा आणला आणि दारात उजेडाला बसलो. काप जाड येत होते, फाटत होते. शेवटी एक असा निघाला की खालची बोटाची रेघ दिसावी. एका जागी एवढा वेळ मी कधी बसलो नव्हतो. भिंगातून बघितलं. पेशी पसरलेल्या नव्हत्या, मावशी. दुसरं पान कापलं, तिसरं कापलं. आपलं नव्हतं ते.

तेवढ्यात ओडिया पोरगं खांद्यावरून डोकावलं. "क्या निकला? तेरे गाँव का?"

"हाँ," म्हणालो, "वही है."

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगतो. त्याला 'नाही' म्हणवलं नाही मला.