उभ्या फोटोसाठी घेतलेली ग्रिप

तात्या, बॅटरी ग्रिप घेतली मी. आपल्या दुकानात ही कधी नव्हती, म्हणून सांगते. कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूनं बसवायचा ठोकळा असतो. त्यात दोन बॅटऱ्या मावतात आणि त्याला आणखी एक बटण असतं. कॅमेरा उभा धरला की ते बरोबर बोटाखाली येतं, कोपर वर करावं लागत नाही. बॅटऱ्यांचं मला काही पडलेलं नाही, चार खिशात असतात. मला ते बटण पाहिजे होतं. उजवा खांदा आखडलाय माझा. वेणी घालायला हात मागं जात नाही, फडताळातला डबा नवऱ्याला काढायला सांगावा लागतो. कॅमेरा उलटीकडं फिरवून बघितला, तर मनगट पिरगळतं. आणि तुमच्या नातीचं लग्न तोंडावर आलेलं, इंदापूरला. तुमची लेक, दुकान आता तीच बघते, घरी येऊन सांगून गेली, "बाकीचं कसंबी काढ, पण नवरानवरीचा एक उभा फोटो पाहिजे, डोक्यापासून पायापर्यंत. दुकानात तात्यांच्या फोटोशेजारी लावायचाय." मी हो म्हणाले आणि तेव्हापासून जिवाला चैन नव्हती.

बारामतीच्या दुकानात तीनदा गेले. माझा कॅमेरा जुना, कंपनीनं त्याची ग्रिप बनवायचीच बंद केलीय. राहिल्या दुसऱ्यांनी बनवलेल्या दोन. एकीला बाहेरून वायर, ती कॅमेऱ्याच्या कडेला खोचायची. गर्दीत कुणाचा धक्का लागून निघाली की बटण गेलं. दुसरीला वायर नाही, पण स्क्रू कितीही आवळा, ठोकळा जरासा हलतोच. "चालतंय हो ताई, सगळी हीच नेत्यात," दुकानदार म्हणाला. चालतंय, पण कधीपर्यंत? "ते मी कसं सांगू? गॅरंटी न्हाय." त्याचं डोकं खाऊन बिनवायरची घेतली, घरी आल्यावर नको वाटली, बदलायला गेले, वायरची हातात धरून बघितली आणि पुन्हा बिनवायरचीच घेऊन वडगावला आले. गोठ्यात म्हशीवर करून बघितलं. नवरा म्हणतो, "म्हशीचा उभा फोटो काढणारी तूच पहिली." मग त्यालाच दुधाच्या किटल्यांपाशी उभा केला. अर्धं बटण दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो, पण दहातला एखादा निघतच नव्हता. "एखाद्याचं काय एवढं?" तो म्हणाला. मला एकच तर पाहिजे होता, हे त्याला काय सांगत बसू.

खरं सांगायचं तर मला बटणापेक्षा चार माणसांत हसं व्हायची भीती होती. हळदीला बायकांच्या घोळक्यात बाप्या फोटोवाला नको, म्हणून तुम्ही मला हे काम शिकवलंत. माझ्या सासूबाईंना तुम्ही स्वतः येऊन विचारलंत. दोन महिने नुसतं उभं राहायला शिकवलंत, कोपरं अंगाला, श्वास सोडायचा, मग बटण. आणि कऱ्हाटीच्या त्या लग्नात नवरानवरी स्टेजवर उभी आहेत, तुम्ही फोटो काढताय, मी मागून स्क्रीनवर बघतेय. आडवा, आडवा, परत आडवा. नवरीचा मामा विचारतो, "तात्या, पाय कुठं गेलं आमच्या पोरीचं?" तुम्ही हसून म्हणता, "आता आडव्याचीच फॅशन हाय." आणि मी, अतिशहाणी, सगळ्यांच्या देखत हात पुढं करते, "द्या हिकडं तात्या, तुमच्यानं उभा न्हाय व्हायचा." लोक हसले. तुम्ही गळ्यातला पट्टा काढून कॅमेरा माझ्या हातात दिलात. त्यानंतर कुठल्याच लग्नाला आला नाहीत. दुकानात पासपोर्टचे फोटो काढत बसलात, आणि दोन वर्षांनी गेलात. मला वाटलं, वय झालं, कंटाळला असाल.

इंदापुरात अक्षता पडल्या. सुरुवातीला ग्रिप गुणानं चालली. मग नवरानवरीला मध्ये उभं केलं, कॅमेरा उभा धरला, बटण दाबलं, तर नुसतंच दाबलं जातंय. बंद करून चालू केला, स्क्रू आवळला, काही नाही. पाहुणे जेवायला निघालेले, नवरदेव घामाघूम. शेवटी ग्रिप काढून पिशवीत टाकली, कॅमेऱ्यात साधी बॅटरी घातली. आता वरचं बटण, म्हणजे कोपर वर. खांदा अर्ध्यातच अडकला, डोळ्यांत पाणी आलं. "काय झालं गं?" तुमची लेक विचारते. तेवढ्यात काकू, नवरीची आजी, खुर्चीतून उठल्या. काठी लेकीकडं दिली, माझ्यापाशी आल्या आणि कोपराखाली तळहात लावला. "उचल. मी धरती. ह्यांचाबी हात असाच धरायची."

"तात्यांचा?" मी कॅमेरा खाली घेतला.

"पासपोर्टचा फोटो उभाच असतोय की," त्या म्हणाल्या. "केस विंचरायला हात जात नव्हता त्यांचा. गिऱ्हाइकाला म्हणायचं, बायकूला काम शिकवतोय. बघ तिकडं, पोरं ताटकळल्यात."

फोटो आला. तुमच्या शेजारी लावलाय. जवळ जाऊन बघितलं तर जरासा हललाय, नवरीच्या नथीची कड दुहेरी दिसते. मी लेकीला म्हणाले, दुसऱ्या कंपनीची ग्रिप, तिनं घात केला. तिला पटलं, दुकानदारालाही पटलं, तो परत घ्यायला तयार आहे. खोकं समोर आहे आणि ते नेऊन द्यायला माझं पाऊल उचलत नाही. हा कागद पोस्टात टाकण्यासारखा नाही, त्याच खोक्यात ठेवीन. माफी तुमच्या जिवंतपणी मागायची होती, तेव्हा मला कळलंच नाही की मागायची आहे. पण तात्या, तो फोटो काढला तेव्हा ग्रिप पिशवीत होती. काकूंचा हात गच्च होता. हलले ती मीच.