निरोगी गटातलं नाव

शांती नगर, मीरा रोड

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

सकाळी तुमचा फोन आला. माझ्या रक्तात पेशींची झीज दाखवणारा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ह्यांच्याइतकाच निघालाय, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, मंगळवारी परत रक्त द्यायला या, म्हणालात. मी बरं म्हटलं.

अदलाबदल झालेली नाही. ह्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुना आजार, आणि तुमच्या संशोधनात तुलनेसाठी तुम्हाला घरातलं एक निरोगी माणूस हवं होतं. फॉर्मवर ‘खोकला नाही, दम लागत नाही’ असं मीच लिहिलं. मीही रक्त देते म्हटलं नसतं तर हे आलेच नसते. खरं म्हणजे दोन वर्षं झाली, जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून मी उगाच पिशवीत किल्ली शोधते. तीस वर्षं हे खिडकीत बसून सिगारेट ओढायचे आणि शेजारच्याच ओट्यावर मी पोळ्या लाटायचे.

माझा आकडा निरोगी गटातून काढून टाका. माझ्यामुळे तुमचं काम बिघडायला नको. पण हा कागद तुम्ही फाईलला लावाल, आणि फाईल हे चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचतात. म्हणून हे पत्र तुम्हाला द्यायचं नाही, असं ठरवूनच लिहितेय.

फोन ठेवल्यावर ह्यांनी विचारलं, “तुझं नॉर्मल आहे ना?”

मी हो म्हटलं.

ऑक्सिजनची नळी नीट करत म्हणाले, “मग मला काळजी नाही.”

मंगळवारी येते. रक्त तेच निघेल.

सुचेता परुळेकर
(ईश्वर परुळेकरांच्या सोबतची)