माझं नाव तुम्ही सांगितलंत

अण्णा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि गावात अजून लोक म्हणतात, काय जबान होती माणसाची! कुणाची सोयरीक मोडायला आली की तुम्हाला बोलावणं. मला हसू येतं. स्वतःची पोर बोलताना अडकते, तर तिला झाकून ठेवण्यात सगळी अक्कल संपली तुमची. वेखंड उगाळून जिभेला चोळलंत, गुण आला नाही, मग फर्मान काढलंत, "चारचौघांत तोंड उघडायचं न्हाय."

वाशीकडचे पाहुणे मला बघायला आले तो दिवस. मी पाटावर बसलेय, डोक्यावर पदर, तुम्ही माझ्या डाव्या हाताला. पाहुण्यांतला म्हातारा विचारतो, "नाव काय पोरी तुझं?" मी तोंड उघडते, पहिलं अक्षर ओठांवर येऊन थांबतं, आणि तुम्ही माझं नाव सांगून मोकळे! वर हसता, "लई लाजाळू हाय पोरगी." लाजाळू म्हणे! लग्नानंतर आठ दिवसांत सासूला कळलं. "तुझ्या बापानं तोतरी गळ्यात बांधली," हे तिनं मला ऐकवलं, जन्मभर ऐकवलं. तुम्ही नागपंचमीला मला न्यायला आलात, तिच्यासमोर मान खाली घालून तंबाखू मळत बसलात. तेव्हा कुठं गेली होती हो ती जबान?

बोलायला मी पन्नाशीला टेकल्यावर शिकले. आधी गोठ्यात, म्हशींशी. त्यांच्यापाशी एकदाही अडकत नाही. मग बचत गटात. पहिल्याच बैठकीत बायांना अडकत अडकत सांगून टाकलं, "मला येळ लागतो. मधी कुणी शब्द पुरवायचा न्हाय." त्या थांबल्या. एवढंच करायचं होतं, अण्णा, नुसतं थांबायचं.

परवा तालुक्याला मेळावा होता. माइकपाशी गेले आणि नावावरच अडकले. शेजारचे साहेब कागदात बघून माझं नाव सांगायला लागले. मी हात आडवा केला. "थांबा साहेब. माझं नाव मला येतंय." लई वेळ लागला, पण पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत मीच सांगितलं.

हे पत्र टाकणार कुठं? राहू दे पिठाच्या डब्याखाली. पण एक सांगते. अडकले तेव्हा साहेबांकडं मी नंतर बघितलं. आधी डावीकडं बघितलं, तुम्ही सांगून टाकाल म्हणून.