कोऱ्या रुमालाचे एकोणीस गुण

शनिवार, ९ मार्च
दुपारी, जेवण उरकून

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं मजेत आहोत. वहिनीची पाठ कशी आहे? नव्या घराच्या अंगणाचा फोटो मिळाला. कुंपण चांगलं उंच घातलंयस. कोणासाठी, ते विचारत नाही.

तुझ्या ढब्याने या आठवड्यात माझी डावी चप्पल खाल्ली. उजवीला तोंडही लावलं नाही, म्हणजे टाकून देतानाही जीव हळहळतो.

तू मागे फोनवर हसला होतास, "कुत्र्यांच्या आनंदाला गुण देतेस? आणि त्याचा पगार मिळतो?" मिळतो हो! मंगळवारी आमच्या प्रयोगशाळेत वासाची चाचणी होती. चार बरण्यांत चार फडकी: घरच्या माणसाचं, ओळखीच्याचं, परक्याचं आणि एक कोरं. कुत्रा हुंगतो, कॅमेरा टिपतो. मग दोघं जण आवाज बंद करून ते बघतात आणि कोणती बरणी कोणाची हे माहीत नसताना वीसपैकी गुण देतात. कान, डोळे, सैल सुटलेला जबडा, शेपटी कुठे जास्त झुकते, सगळं बघायचं.

त्या दिवशी पाळी ढब्याची होती. कोऱ्या फडक्यांचं पाकीट संपलं होतं, म्हणून मी घरून कपाटाच्या तळाशी पिशवीत बांधून ठेवलेला एक पांढरा रुमाल नेला. धुतलेलाच वाटला.

माझ्या फडक्याला बारा गुण. कोऱ्या रुमालाला एकोणीस! विसावा गेला, कारण शेपटी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेली.

आमच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, कोऱ्या कापडावर एवढा जीव कोण टाकतं? आणलंस कुठून हे?"

मी रुमाल उलगडला. कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग. टोपण न लावता पेन खिशात कोंबणारा आपल्या घरात एकच माणूस आहे.

चाचणी बाद झाली, बोलणीही खाल्ली. पण खरा राग आला तो ढब्याचा. दोन वर्षं मी याला आंघोळ घालते, कानात औषध घालते, आणि हा एका घामट रुमालापुढे लोळण घेतो! दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही. त्याला पत्ताच नव्हता.

दादा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की ढब्या तुला विसरला, आता त्याला हलवणं बरं नाही, यातलं मला कळतं. ते खोटं होतं. मी काहीच तपासलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तू त्याला एका महिन्यासाठी ठेवून गेलास आणि मला तो परत द्यायचा नव्हता, एवढंच. तू वाद न घालता "तुला कळतं तर तसंच करू" म्हणालास, ते जास्त लागलं.

तेव्हा पुढच्या रविवारी ये आणि त्याला घेऊन जा. हे लिहिलं आणि फार हलकं वाटतंय. मला मिळालेले बारा गुण आमच्या तक्त्यात 'आनंदी' याच सदरात बसतात, आणि मला ते पुरतात. सुट्टीत मी येत जाईन. चपला मात्र तू घेऊन द्यायच्या.

आलास की दार मी उघडेन आणि बाजूला होईन. कॅमेरा लावलेला असेल. गुण द्यायला मॅडमना सांगितलंय, कारण आवाज बंद केला तरी तेव्हा मला नीट दिसणार नाही.

बारा गुणांची, तुझी
छोटी